विश्लेषण : आफ्रिकेत जीपमधून पाय खाली न टाकणारे आपण, बिबट्या दिसला की का धावतो?

मार्च २०२४. मालेगावातील एका मंगल कार्यालयाची छोटीशी खोली. दाराजवळच्या सोफ्यावर १२ वर्षांचा एक मुलगा मोबाइलवर गेम खेळत बसला आहे. उघड्या दारातून बिबट्या आत येतो, मुलाच्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून, आतल्या बाजूला निघून जातो. मुलगा ओरडत नाही. उठतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो. पुढे वन विभागाच्या पथकाने त्या बिबट्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडले.

सीसीटीव्हीचे ते काही सेकंदांचे चित्रण देशभर फिरले. बहुतेकांनी मुलाच्या धाडसाचे कौतुक केले. पण त्या चित्रणातली एक गोष्ट मला धाडसापेक्षाही महत्त्वाची वाटते. मुलाच्या हातात मोबाइल होता आणि त्याने तो बिबट्याकडे रोखला नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली दुसरी दोन दृश्ये. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या गंगापूर रोड भागातील सावरकरनगरात बिबट्या शिरला. बघ्यांची झुंबड उडाली आणि बिथरलेल्या बिबट्याच्या हल्ल्यात एक नगरसेवक व वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी जखमी झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगारनगर-महात्मानगर परिसरात जवळपास तेच घडले. या वेळी जखमींमध्ये वन विभागाचे कर्मचारीही होते. दोन्ही घटनांच्या चित्रफिती आजही मोबाइलवर सापडतील. त्यात बिबट्या क्षणभर दिसतो. बाकी सगळी माणसेच दिसतात. गच्चीवर, कंपाउंडच्या भिंतीवर, झाडावर, उभ्या दुचाकीवर चढलेली माणसे.

गंमत अशी, की याच गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांमधून दर वर्षी बरीच मंडळी केनिया-टांझानियाला जाऊन येतात. पिवळ्या तापाची लस टोचून घेतात, मुंबईहून नैरोबीचे विमान पकडतात आणि मसाई मारामध्ये उघड्या छताच्या गाडीत तास-तास चिडीचूप बसतात. गाइडने बोट ओठांवर ठेवले की खोकलासुद्धा दाबतात. तेच आपण सावरकरनगरात मात्र बिबट्याच्या मागे धावतो. वन्यप्राणी जवळून पाहण्याची ओढ दोन्हीकडे एकच असते. फरक कुठे पडतो, हे समजून घेतले तर नाशिकमधल्या पुढच्या घटनेत कोणाचा तरी जीव वाचू शकेल.

आफ्रिकेत प्राणी इतक्या जवळून कसे दिसतात?

सफारीहून आलेल्या प्रत्येकाकडे सिंहिणीचा एक फोटो असतो. ती गाडीच्या चाकाला जवळपास घासून गेलेली असते आणि तिने वर बघितलेलेही नसते. ‘तिथले प्राणी माणसाळलेले असतात’ असे त्यावर सांगितले जाते. ते खरे नाही. ती सिंहीण माणसाला नव्हे, गाडीला सरावलेली असते. हा डबा रोज येतो, घरघर करतो, थांबतो आणि निघून जातो. तो खायला देत नाही, इजा करत नाही, खाण्याजोगाही नाही. लहानपणापासून हेच पाहत मोठ्या झालेल्या सिंहिणीच्या लेखी गाडी आणि आतली माणसे मिळून एकच आकार असतो. पण एखाद्याने खाली पाय टाकला, किंवा खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले, की तो आकार मोडतो. डब्यातून माणूस वेगळा होतो. मग ती पळेल किंवा अंगावर येईल.

म्हणजे ज्याला आपण जवळीक म्हणतो, ती काही दशके पाळलेल्या शिस्तीची कमाई आहे. तिथल्या हजारो गाड्यांतल्या लाखो लोकांनी खाली न उतरल्यामुळे आपल्याला तो फोटो मिळतो. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटरचे आहे, त्याला लागून असलेले सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान पावणेपंधरा हजार चौरस किलोमीटरचे. गवताळ मैदान, दूरवर मोकळी नजर आणि बारा-पंधरा लाख विल्डबीस्टचे (आफ्रिकी रानगव्यासारखे दिसणारे, पण खरे तर हरणांच्या कुळातले प्राणी) फिरते कळप. इथे प्राणी दिसणे सोपे आहे, ही गोष्ट वेगळी. पण म्हणून नियम सैल नाहीत. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, गाडी प्राण्यापासून २५ मीटर दूर हवी, रस्ता सोडायचा नाही, आवाज करायचा नाही, असे तिथली नियमावली सांगते. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढ पर्यटकाला मसाई मारामध्ये नुसत्या प्रवेशासाठी दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात. गाडी, मुक्काम, विमान वेगळे. एवढे पैसे मोजल्यावर माणूस नियम पाळतो, असे कोणी म्हणेल. पण अनुभव तसा नाही.

मग तिथे सगळे आलबेल आहे का?

मसाई मारामधील चित्त्यांवर संशोधक फेम्के ब्रूकहाइस यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे गाड्या जास्त, तिथे हे प्रमाण ०.२ वर आले. दहापटीहून अधिक फरक. गाड्यांनी पिल्ले चिरडली असे नाही. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेत. गाड्यांच्या गराड्यात शिकार हुकते, पकडलेली शिकार सोडून द्यावी लागते, पिल्ले उपाशी राहतात किंवा तरसाच्या तोंडी जातात. तिथल्या गाडीतल्या कोणालाही आपण काही वाईट करतो आहोत असे वाटत नसते. प्रत्येक जण फक्त बघत असतो.

२०२५ च्या हंगामात नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या वाटेत गाड्यांमधून उतरून उभ्या राहिलेल्या पर्यटकांच्या चित्रफिती जगभर फिरल्या आणि केनिया सरकारला नियम कडक करण्याची भाषा करावी लागली. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पाच पिल्ले जिप्सींच्या दोन रांगांमध्ये अडकली. चालक आणि गाइडवर कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि विदर्भातल्या सफारीत मोबाइलवर बंधने आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन भागात मोबाइल वापराला मनाई करण्याचे आणि रात्रीची सफारी बंद ठेवण्याचे निर्देश दिले.

मोबाइलवर बंदी कशाला, असे सुरुवातीला अनेकांना वाटले. मलाही थोडे वाटले होते. पण कारण सरळ आहे. एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून निरोप जातो आणि दहा मिनिटांत वीस गाड्या येतात. शिवाय कॅमेऱ्याच्या लांब लेन्सने दुरून फोटो मिळतो. मोबाइलने मिळत नाही, म्हणून चालकाला ‘अजून थोडे पुढे घे’ असे सांगावे लागते. नियम तोडायला लावणारी गोष्ट आपल्याच खिशात असते.

नाशिकचा बिबट्या आला कुठून?

सफारीत कुंपण नसले तरी एक रेषा असते. फाटक असते, वेळ असते, तिकीट असते. निफाड, सिन्नर, दिंडोरी, नाशिक तालुक्यांत ती रेषाच नाही. गोदावरी, दारणा आणि कादवा यांच्या काठचा पट्टा शतकभरापूर्वीपासून कालव्याच्या पाण्यावर भिजतो आहे. नांदूरमधमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळातला. द्राक्षबागांनी बरीच जमीन घेतली असली तरी नदीकाठी ऊस आहेच. उसाचे पीक वर्षभर उभे असते, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने. आत गारवा, पाटाचे पाणी, डोक्यावरून उंच आडोसा. माणसे आत फारशी शिरत नाहीत. बाहेर वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, वासरे, कोंबड्या. बिबट्याला याहून अधिक काय हवे?

पर्यावरण अभ्यासक विद्या अत्रेय यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात, म्हणजे जंगल नव्हे तर शेतीच्या प्रदेशात, कॅमेरे लावून बिबटे मोजले. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून कळलेल्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते आणि त्यातही सर्वाधिक वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. म्हणजे ‘जंगलात खायला उरले नाही म्हणून बिबट्या गावात आला’ हे आपले आवडते वाक्य निदान इथे तरी अर्धेच खरे आहे. यातले अनेक बिबटे उसातच जन्मले. त्यांच्या आयांनीही जंगल पाहिले असेलच असे नाही. ‘जंगलात परत सोडा’ यातला ‘परत’ हा शब्द त्यांना लागू पडत नाही.

२०२२ च्या राष्ट्रीय अंदाजात महाराष्ट्रात १९८५ बिबटे असल्याचे सांगितले गेले. देशात मध्य प्रदेशाखालोखाल दुसरा क्रमांक. हा अंदाज प्रामुख्याने जंगलांतला आहे. नाशिक-नगर-जुन्नरच्या उसातला बिबट्या त्या आकड्यात धरलेला नाही, हे चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

आणि शहरात? बिबट्या बहुतेक वेळा रात्री नदी-नाल्याच्या कडेने कुत्र्यांच्या मागावर येतो आणि पहाट होण्याआधी परततो. कधी तरी उजाडते, दूधवाले-पेपरवाले सुरू होतात आणि परतीची वाट बंद होते. मग तो मिळेल त्या आडोशाला, गाडीखाली, जिन्याखाली, बंगल्याच्या बागेत दडून बसतो. त्या क्षणी त्याला अंधार पडेपर्यंत एकटे राहण्याशिवाय काहीही नको असते. त्याला जे हवे तेच आपल्यालाही सोयीचे असते. इथेच गर्दी येते.

गर्दी नेमके काय बिघडवते?

बिबट्याला बेशुद्ध करणे म्हणजे सिनेमातल्यासारखे बंदूक उचलून बार काढणे नव्हे. पशुवैद्यकाला आधी त्याचे वजन अंदाजावे लागते, त्यावर औषधाची मात्रा ठरते. मग खांदा किंवा मांडीसारखा मांसल भाग नीट दिसेल असा कोन मिळवावा लागतो. डोके, छाती, पोट चुकवायचे. इंजेक्शन लागल्यावरही प्राणी लगेच कोसळत नाही. शांत असेल तर साधारण दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात. भेदरलेला, पळता असेल तर औषध नीट चढत नाही. ती मधली मिनिटे सर्वांत धोक्याची, कारण अर्धवट गुंगीतला बिबट्या सैरभैर धावतो.

आता या चित्रात दीड-दोन हजार माणसे घाला. एका गल्लीतून शिट्ट्या, दुसऱ्या गल्लीतून फटाके. ‘तिकडे गेला, तिकडे गेला’ म्हणत वाहणारे लोंढे. बिबट्याला सुटकेची प्रत्येक दिशा माणसांनी भरलेली दिसते. तो आडोशातून बाहेर पडतो तो हल्ला करायला नव्हे, निसटायला. वाटेत जो येतो त्याला पंजा बसतो. पथकाला नेम धरता येत नाही, पिंजरा लावता येत नाही. पोलिसांचे बळ बिबट्याभोवती नव्हे, माणसांभोवती लागते. जखमींच्या यादीत शेवटी वनकर्मचाऱ्याचे नाव येते आणि दुसऱ्या दिवशी ‘वन विभागाचा ढिसाळ कारभार’ असा मथळा छापला जातो. ढिसाळपणा कधी कधी असतोही, तो का झाकायचा? अपुरी पथके, उशिरा पोहोचणारी वाहने ही तक्रार खरी आहे. पण गच्चीवरून दगड मारणारा मुलगा वन विभागाचा नसतो.

यात आता मोबाइलवरच्या खोट्या बिबट्यांची भर पडली आहे. २०२५ च्या हिवाळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली, अमुक चौकात, तमुक सोसायटीच्या गेटवर बिबट्या बसल्याची छायाचित्रे राज्यात अनेक शहरांत फिरली. खऱ्या निरोपावर जाणारे पथक खोट्या निरोपावर अडकले तर त्याची किंमत दुसऱ्या टोकाच्या वस्तीला मोजावी लागते. बिबट्या दिसल्यास वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिथे फोन गेला पाहिजे.

एक गोष्ट कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ म्हणजे केवळ जिवे मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाकलत नेणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत येते. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तेव्हा काठ्या घेऊन बिबट्या हुसकावत सुटलेला जमाव कायद्याच्या भाषेत काय करतो आहे, ते समजून घ्यावे. असे असूनही घटनास्थळी गर्दीतल्या कोणावर गुन्हा दाखल झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. माझे मत असे, की अशा वेळी त्या दोन-चार गल्ल्यांपुरता जमावबंदीचा आदेश तासाभरात निघायला हवा आणि तो मोडणाऱ्यांवर, मग तो नगरसेवक असो, पत्रकार असो की रील बनवणारा, कारवाई व्हायला हवी. उमरेडला जिप्सीचालकाला जी शिस्त लावली जाते, ती महात्मानगरात का नको?

पकडून दूर नेऊन सोडले तर?

प्रत्येक घटनेनंतर हीच मागणी होते. ती करणाऱ्याची भीती खरी आहे, पण उपाय करून पाहिलेला आहे. जुन्नर भागात २००१ नंतर २९ बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटर दूर सोडण्यात आले. त्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. नंतर ही सरासरी १७ वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या घराकडे चालू लागतो, वाटेत अनोळखी माणसे भेटतात. मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला आणि माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ गळ्यात जीपीएस पट्टा घालून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. महामार्ग, लोहमार्ग, खाडी, सगळे ओलांडून. त्याने वाटेत कोणाला इजा केली नाही. पण चाळीस-पन्नास किलोमीटर ही बिबट्यासाठी काही ‘दूर’ नव्हे, एवढे त्यावरून कळते. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपट आला. चित्रपट येण्याआधीच, २०११ मध्ये, तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला होता.

माणसांवर वारंवार हल्ला करणारा बिबट्या पकडून कायमचा बंदिस्त ठेवावा लागतो, यात वाद नाही. नसबंदीचा प्रयोगही होऊ द्या. पण पिंजऱ्यातल्या बिबट्यांची सफारी काढली की प्रश्न सुटेल, असे जे अधूनमधून सुचवले जाते त्याला माझा विरोध आहे. त्या सफारीची तिकिटे खपतील, निफाडच्या वस्तीवरची रात्र आहे तशीच राहील.

किंमत कोण मोजतो?

इथे सफारीची तुलना आपल्याला खरोखर टोचायला हवी. मसाई मारा राखीव क्षेत्राला लागून ज्या खासगी-सामुदायिक ‘कन्झर्व्हन्सी’ आहेत, त्यांची जमीन मसाई कुटुंबांची आहे. सफारी कंपन्या ती भाड्याने घेतात, तंबूंची आणि गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि जमीनमालकांना ठरलेले भाडे देतात. त्यातही वाद आहेत, भाडे पुरेसे नाही, चराई बंद झाली, अशा तक्रारी आहेत. तरीही ज्याच्या दारात सिंह येतो त्याच्या हातात सिंहामुळे काही पैसे पडतात, एवढे तत्त्व तिथे मान्य आहे.

आपल्याकडे ज्याच्या दारात बिबट्या येतो, त्याच्या हातात बिबट्यामुळे पैसे पडायचे असतील तर आधी शेळी मरावी लागते. किंवा माणूस. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. रक्कम वाढत गेली हे चांगलेच झाले. पण मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला रोज रात्री जे सोसावे लागते, ते कोणत्याच अर्जात भरता येत नाही.

शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्री येते. म्हणजे मध्यरात्री दारे धरायला उसात किंवा गव्हात जायचे. बॅटरीच्या उजेडात वाकून दारे मोडायचे. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही, त्याचा आकार जनावरासारखा होतो. लहान मुलांना धोका अधिक असतो तोही याच कारणाने. शौचाला बाहेर जाणारी बाई, अंगणात खेळणारे पोर, उसाच्या फडाशेजारी पालात झोपलेली ऊसतोड कामगारांची मुले ही यातली सर्वांत उघडी माणसे. त्यांना कोणी ‘सहजीवन’ शिकवायला जाऊ नये. ती पिढ्यानपिढ्या बिबट्याच्या शेजारी राहत आली आहेत, गावोगावी वाघोबाची ठाणी आहेत. त्यांना हवी आहे दिवसा वीज, गोठ्याला वरून बंद जाळी, वस्तीवर दिवा, घरात शौचालय आणि शाळेच्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा थोडा ऊस आधी तोडण्याची मुभा. यातले काहीही वन विभागाच्या एकट्याच्या हातात नाही. महावितरण, जिल्हा परिषद, साखर कारखाने यांनी एका टेबलावर बसावे लागेल.

शहरातल्या माणसासाठी बिबट्या म्हणजे वर्षातून एकदा येणारी बातमी. मळ्यातल्या माणसासाठी ते थ्री-फेजचे वेळापत्रक आहे.

मग जवळून पाहायचेच नाही का?

पाहावे की. ओढ वाईट नाही, तिच्यातूनच पुढे जंगलाबद्दल आस्था निर्माण होते. त्यासाठी नैरोबीलाच जायला हवे असेही नाही. निफाड तालुक्यातच नांदूरमधमेश्वर अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. हिवाळ्यात मनोऱ्यावरून स्पॉटिंग स्कोपला डोळा लावला की शेकडो मीटर दूरच्या बदकाच्या चोचीवरचा रंग दिसतो आणि बदकाला त्याची खबरही नसते. येवल्याच्या ममदापूर परिसरात काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उन्हाळी पहाटे तिथे माळावर नराचा काळा-पांढरा अंगरखा दुरून ओळखू येतो. दोन्ही ठिकाणी चांगली दुर्बीण लागते आणि थांबण्याची तयारी लागते. बिबट्या मात्र या यादीत नाही. तो ठरवून दाखवता येत नाही.

तरीही नाशिक जिल्ह्यात बिबट्याचे सर्वांत जवळून घेतलेले चित्रण कोणते, असे विचाराल तर माझे उत्तर आहे. दर वर्षी ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. आई पाचटाच्या आवाजाने दूर गेलेली असते. पूर्वी लोक पिल्ले उचलून, मांडीवर घेऊन फोटो काढत, गावभर फिरवत. आता बऱ्याच ठिकाणी तोड थांबवतात आणि वन विभागाला कळवतात. पशुवैद्यक पिल्ले तपासतात आणि दिवस मावळताना सापडली त्याच जागी, एका क्रेटमध्ये, झाकण सैल ठेवून ठेवतात. शेजारी कॅमेरा लावतात आणि सगळे निघून जातात. शेतमालक, मजूर, वनरक्षक, सगळे. वस्तीवरचे दिवे मंद करतात, कुत्री बांधून ठेवतात.

मग त्या कृष्णधवल, किंचित धूसर चित्रणात बराच वेळ काहीच होत नाही. कधी तरी उसाच्या कडेला दोन डोळे चमकतात. ती येते, क्रेटभोवती एक फेरी मारते, पंज्याने झाकण बाजूला सारते, एका पिल्लाची मानगूट तोंडात धरते आणि निघून जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. सकाळी माणसे जातात तेव्हा क्रेट रिकामा असतो, आणि आठच्या सुमारास तोड पुन्हा सुरू होते.